शिखराकडून शाळेकडे

९.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण तुम्ही अनेकदा ऐकली असेल. लांबून निळसर, रेखीव आणि शांत दिसणारा डोंगर जवळ गेल्यावर खडकाळ, काटेरी आणि दमवणारा निघतो, असा तिचा सरळ अर्थ आहे. पण या म्हणीला आणखीही एक बाजू आहे. डोंगर चढायला गेलेला माणूस काही दिवसांनी आपल्या घरी परततो. डोंगरावर राहणारा माणूस मात्र तिथेच असतो. त्याच्या मुलांसाठी शाळा आहे का, त्याला आजारपणात औषध मिळते का, हे दुरून दिसत नाही.

अलीकडे एखादे सत्कार्य मनात धरून शिखर चढण्याची आणि त्या निमित्ताने निधी गोळा करण्याची प्रथा जगभर रूढ झाली आहे. कोणी रुग्णालयासाठी चढतो, कोणी पाण्यासाठी, कोणी आपल्या गावच्या शाळेसाठी. गिर्यारोहण आणि लोककार्य यांची सांगड घालणारे एक मोठे उदाहरण हिमालयात, एव्हरेस्टच्या पायथ्याशी घडले. सर एडमंड हिलरी आणि खुंबू खोऱ्यातील शेर्पा यांची ती कथा आहे. या पाठात आपण ती समजून घेणार आहोत.

९.२ उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हांला –
• गिर्यारोहणातून लोककार्यासाठी निधी कसा उभा राहतो, हे सांगता येईल;
• खुमजुंग येथील शाळेच्या उभारणीमागील घटनाक्रम लिहिता येईल;
• मदतीचे चांगले आणि अनपेक्षित असे दोन्ही परिणाम स्पष्ट करता येतील;
• पाठातील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करता येईल;
• स्वरसंधीची काही उदाहरणे ओळखता येतील.

९.३ मूळ पाठ

(१) शिखरावरचे दोघे आणि पायथ्याचे सर्व

२९ मे १९५३. सकाळचे साडेअकरा वाजले होते. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात मधमाश्यापालनाचा व्यवसाय करणारे एडमंड हिलरी आणि दार्जिलिंगला राहणारे तेनसिंग नोर्गे हे दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. जगातील सर्वोच्च शिखरावर माणसाचे पाऊल पडल्याची ही पहिली निर्विवाद नोंद. सुमारे पंधरा मिनिटे ते तिथे थांबले आणि उतरू लागले. चार दिवसांनी, २ जून रोजी, ही वार्ता लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि दोघांची नावे घराघरांत पोहोचली.

परंतु ते यश दोघांचेच नव्हते. जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील त्या मोहिमेचे सामान साडेतीनशेहून अधिक भारवाहकांनी पाठीवर वाहिले होते. काठमांडूच्या खोऱ्यातून थ्यांगबोचेच्या मठापर्यंतची वाट चालायला तेव्हा अडीच आठवडे लागत. त्यापुढच्या हिमनदीवर, जीवघेण्या भेगांवरून आणि बर्फाच्या कड्यांवरून ओझी नेण्याचे काम शेर्पांनी केले. तेनसिंग यांना अनेक भाषा बोलता येत. पण त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५४ साली दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा प्रत्यक्ष शिक्षण देण्याची प्रमुख जबाबदारी याच तेनसिंग यांच्यावर सोपवण्यात आली. गुणवत्ता होती, अक्षरओळख नव्हती. ही केवळ एका माणसाची नव्हे, तर एका संपूर्ण पिढीची अवस्था होती.

शेर्पांचे खुंबू हे खोरे एव्हरेस्टच्या दक्षिणेला आहे. बटाट्याची शेती, याकपालन आणि नांगपा खिंडीतून तिबेटशी चालणारा व्यापार यांवर तेथील जीवन उभे होते. १९५९ नंतर तिबेटमधील परिस्थिती बदलली आणि तो व्यापार आटला. मठांमध्ये धर्मग्रंथांचे वाचन शिकवले जाई; पण मुलांना हिशेब, नेपाळी भाषा, बाहेरच्या जगाची माहिती देईल अशी शाळा खुमजुंगसारख्या मोठ्या गावातही नव्हती. आहारात आयोडीन नसल्यामुळे गलगंडाचा विकार घरोघरी होता. देवीची साथ आली, तर तिला अडवणारे कोणी नव्हते.

(२) एक प्रश्न, एक उत्तर

१९६० साली हिलरी पुन्हा खुंबूत आले. शिकागोतील 'वर्ल्ड बुक' या विश्वकोशाच्या प्रकाशकांनी त्या मोहिमेचा खर्च उचलला होता. हिममानव अर्थात यती खरोखर आहे का, याचा शोध घेणे. अतिउंचीवर दीर्घकाळ राहिल्यास मानवी शरीरावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास करणे. आणि मकालू शिखरावर प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय चढाई करणे, असे तिचे तीन हेतू होते.

या मोहिमेत एका संध्याकाळी शेकोटीभोवती गप्पा चालल्या असता हिलरींनी शेर्पांना विचारले, की तुमच्यासाठी एक गोष्ट करायची झाली तर ती कोणती असावी? उर्कियन या अनुभवी शेर्पाने उत्तर दिले, की आमच्या मुलांसाठी शाळा हवी. त्याने पैसा मागितला नाही, वस्त्रे किंवा धान्यही मागितले नाही. जी गोष्ट स्वतःच्या पिढीला मिळाली नव्हती, ती त्याने पुढच्या पिढीसाठी मागितली.

याच सुमारास आणखी एक विलक्षण प्रसंग घडला. खुमजुंगच्या मठात यतीच्या डोक्याची म्हणून जपलेली एक केसाळ कातडी होती. शास्त्रीय तपासणीसाठी ती परदेशी नेण्याची इच्छा हिलरींनी व्यक्त केली. गावकऱ्यांची त्या वस्तूवर श्रद्धा होती. ती सहजासहजी कोण देणार? दीर्घ चर्चेनंतर ठरावीक मुदतीत परत आणण्याच्या अटीवर ती मिळाली. गावचे एक वडीलधारे गृहस्थ, खुंजो चुंबी, तिच्यासोबत शिकागो, पॅरिस आणि लंडन येथे जाऊन आले. ती कातडी 'सेरो' नावाच्या डोंगरी प्राण्याची असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. यती सापडला नाही. परंतु त्या प्रवासात खुमजुंगचे नाव जगाने ऐकले आणि शाळेसाठी मदत मागण्याची वाट मोकळी झाली.

१९६१ साली शाळा उभी राहिली. भारतातील एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीने सुटे भाग जोडून उभारता येईल अशी इमारत देणगी म्हणून दिली. ते भाग विमानाने मिंगबो येथील तात्पुरत्या धावपट्टीवर उतरवण्यात आले आणि तेथून शेर्पांनी ते पाठीवर वाहून सुमारे ३८०० मीटर उंचीवरील खुमजुंगला आणले. पहिले शिक्षक, तेम दोर्जी शेर्पा, दार्जिलिंगहून आले. विश्वकोशाच्या पैशातून निघालेली मोहीम, भारतातून आलेली इमारत, दार्जिलिंगचे शिक्षक आणि गावकऱ्यांच्या पाठी, असे चार हात लागले तेव्हा एक शाळा झाली.

त्या मोहिमेच्या वाट्याला एक धडाही आला. मार्च १९६१ मध्ये तिच्यातील चौघांनी अमा दब्लम हे ६८०० मीटरहून उंच शिखर प्रथमच सर केले. पण त्यासाठी नेपाळ सरकारची परवानगी घेतलेली नव्हती. सरकार रुष्ट झाले, हिलरींना काठमांडूला जाऊन रदबदली करावी लागली आणि दंड भरावा लागला. ज्यांच्या डोंगरात आपण जातो, त्यांची संमती आधी घ्यावी लागते. हेतू चांगला असला तरी हा नियम सुटत नाही.

पाठगत प्रश्न ९.१

१. योग्य पर्याय निवडा.
(अ) खुमजुंगची शाळा उभारली गेली ते वर्ष – (१) १९५३ (२) १९५४ (३) १९६१ (४) १९७६
(आ) शेर्पांचा तिबेटशी चालणारा व्यापार या खिंडीतून होई – (१) खैबर (२) नांगपा (३) रोहतांग (४) नथुला
२. एका वाक्यात उत्तर लिहा.
(अ) उर्कियनने हिलरींकडे कोणती मागणी केली?
(आ) यतीची म्हणून जपलेली कातडी प्रत्यक्षात कोणत्या प्राण्याची होती?

(३) शाळेसाठी मोहीम

एक शाळा झाली आणि आसपासच्या गावांतून अर्ज येऊ लागले. पांगबोचेला शाळा हवी होती, थामीला हवी होती. हिलरींनी एक पथ्य पाळले. गावाला काय हवे, हे त्यांनी स्वतः ठरवले नाही. गावाने मागितले ते करण्याचा प्रयत्न केला. जमीन गावाने द्यायची, दगड आणि लाकूड गावकऱ्यांनी आणायचे. पत्रे, खिळे, काच आणि शिक्षकाचा पगार यांची तजवीज बाहेरून करायची, अशी कामाची विभागणी होत असे. गावाचा घाम ज्या भिंतीत मुरलेला असतो, ती भिंत गावाला आपली वाटते.

मात्र पैसा कोठून आणायचा? येथे गिर्यारोहण कामी आले. 'अमुक गावात शाळा बांधायची आहे' एवढ्या शब्दांवर दूरदेशीचा दाता क्वचितच पैसे देतो. पण न चढलेल्या शिखराची कथा ऐकायला सभागृहे भरतात, कंपन्या आपले नाव जोडायला तयार होतात आणि वृत्तपत्रे जागा देतात. हिलरींनी आपल्या कीर्तीचे हे चलन शेर्पांच्या कामी खर्च केले. १९६२ साली त्यांनी पत्नी लुईझ आणि मुलांसह अमेरिकेत व्याख्यानदौरा केला. शिबिराचे साहित्य विकणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीचे ते सल्लागार झाले आणि त्या कंपनीचेही साहाय्य मोहिमांना मिळाले. 'हिमालयन ट्रस्ट' या संस्थेच्या रूपाने या कामाला कायमचा आधार मिळाला.

१९६३ साली 'हिमालयन स्कूलहाउस एक्सपिडिशन' या नावाने मोहीम निघाली. मोहिमेच्या नावातच 'शाळा' हा शब्द यावा, ही गिर्यारोहणाच्या इतिहासातील आगळी घटना होती. तिच्यातील सदस्यांनी पांगबोचे आणि थामी येथे शाळा बांधल्या, खुमजुंगला नळाने पाणी आणले आणि देवीची साथ पसरत असल्याचे पाहून हजारो लोकांना लस टोचली. त्याच मोहिमेत कांगतेगा हे शिखर प्रथमच सर झाले. तावेचे शिखराचा माथा मात्र अगदी थोड्या अंतरावर असताना धोकादायक हिमामुळे त्यांना परतावे लागले. एका हातात कुऱ्हाड बर्फाची आणि दुसऱ्या हातात करवत सुताराची, असे त्यांचे ते दिवस होते.

१९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी तयार करण्यात आली. उतारावरची शेते विकत घेऊन ती सपाट करायची होती. पण माती दाबून घट्ट करायला यंत्र नव्हते. तेव्हा शेर्पांना बोलावण्यात आले. त्यांनी हातात हात गुंफून, पाय आपटत आपले पारंपरिक नृत्य केले आणि त्या नृत्याने भूमी घट्ट झाली. १९६६ साली कुंदे या गावी रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने द्यायला आरंभ केला आणि गलगंडाचे प्रमाण हळूहळू उतरणीला लागले.

(४) डोंगराएवढे दुःख

मार्च १९७५ मध्ये हिलरी फाफ्लू येथे होते. तेथे दुसऱ्या रुग्णालयाचे बांधकाम चालू होते. पत्नी लुईझ आणि धाकटी कन्या बेलिंडा ३१ मार्च रोजी काठमांडूहून लहान विमानाने त्यांच्याकडे निघाल्या. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान कोसळले. कोणीही वाचले नाही. बेलिंडा अवघी सोळा वर्षांची होती.

विमानाची वाट पाहत असलेल्या माणसाला ही वार्ता मिळाली तेव्हा त्याच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ज्या कामासाठी कुटुंबासह इतकी वर्षे वेचली, त्याच कामाच्या वाटेवर कुटुंब उद्ध्वस्त झाले होते. पुढील काही वर्षे हिलरी खोल निराशेत होते. त्या वेळी त्यांनी हिमालयाकडे पाठ फिरवली असती, तर कोणीही दोष दिला नसता. पण फाफ्लूचे रुग्णालय पूर्ण झाले. अर्ध्यावर आलेल्या भिंती तशाच सोडून जाणे त्यांना जमले नाही. शिखर गाठण्यासाठी लागते ते धैर्य त्यांच्यापाशी होतेच. दुःख झाल्यावरही रोजचे काम चालू ठेवण्याचे धैर्य त्याहून दुर्मीळ असते.

(५) मदतीची दुसरी बाजू

प्रत्येक चांगल्या कामाची सावलीही पडते. लुक्लाची धावपट्टी शाळा आणि रुग्णालये यांचे सामान आणण्यासाठी होती. परंतु अडीच आठवड्यांची पायवाट विमानाच्या एका छोट्या उड्डाणावर आली आणि पर्यटकांचा ओघ सुरू झाला. शेर्पांना रोजगार मिळाला, उपाहारगृहे आणि निवासगृहे उभी राहिली. पण स्वयंपाकासाठी आणि शेकोटीसाठी झाडे तुटू लागली. उंचावरील धुपीची झुडपे तर पुन्हा वाढायला कित्येक वर्षे घेतात. डोंगर बोडके होत असल्याचे पाहून हिलरी अस्वस्थ झाले.

या अस्वस्थतेतून पुढचे काम निघाले. न्यूझीलंड सरकारच्या सहकार्याने नेपाळने १९७६ मध्ये सगरमाथा राष्ट्रीय उद्यान स्थापन केले. १९७९ मध्ये त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. रोपवाटिका उभारून झाडे लावण्याचे काम ट्रस्टने हाती घेतले. आपल्या मदतीतून जे बिघडते, ते सावरणे हादेखील मदतीचाच भाग आहे, हे यावरून ध्यानात येते.

शाळेचे खरे फळ मात्र माणसांत दिसले. खुमजुंगच्या शाळेत शिकलेले मिंग्मा नोर्बू शेर्पा परदेशी उच्च शिक्षण घेऊन आले आणि याच राष्ट्रीय उद्यानाचे पहिले शेर्पा प्रमुख अधिकारी झाले. त्याच शाळेचे विद्यार्थी कामी तेम्बा शेर्पा यांनी फिजी येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि २००२ साली कुंदे रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. आरंभी ज्या रुग्णालयात परदेशी डॉक्टर येत, तेथे गावचाच मुलगा डॉक्टर झाला. मदत करणाऱ्याची गरज हळूहळू कमी व्हावी, हेच मदतीचे यश होय.

(६) आजच्या चढाया

हिलरींनी रुळवलेल्या वाटेने आज अनेकजण जातात. टांझानियातील किलिमांजारो (उंची ५८९५ मीटर) हे आफ्रिकेतील सर्वोच्च शिखर अशा चढायांसाठी प्रसिद्ध आहे. गेइटा येथील सोन्याच्या खाणीच्या पुढाकाराने २००२ पासून 'किली चॅलेंज' हा उपक्रम सुरू झाला. त्यात सहभागी होणारे शिखर चढतात किंवा पर्वताभोवती सायकलने फिरतात आणि जमलेला निधी टांझानियातील एचआयव्ही-एड्सविरोधी कार्याला देतात. घरचाच पर्वत आणि घरचीच व्यथा! मार्च २००९ मध्ये ब्रिटनमधील नऊ नामवंत कलाकार आणि निवेदक याच पर्वतावर चढले. आफ्रिकेतील हिवतापाविरुद्ध मच्छरदाण्या पुरवण्यासाठी त्यांनी तीस लाख पौंडांहून अधिक निधी जमवला.

अशा चढाईची रीत साधी असते. गिर्यारोहक आपले ध्येय जाहीर करतो. परिचित व अपरिचित लोक त्याला पाठिंबा म्हणून यथाशक्ती रक्कम देतात. चढाई पूर्ण झाली की ती रक्कम ठरलेल्या कार्याला जाते. थेंबे थेंबे तळे साचते, ते असे. पण देणाऱ्याने काही प्रश्न अवश्य विचारावेत. प्रवासाचा आणि साहित्याचा खर्च गिर्यारोहक पदरमोड करून भागवतो, की देणगीतून? जमा-खर्चाचा हिशेब सर्वांना पाहायला मिळतो का? ज्यांच्यासाठी निधी जमतो, त्यांना नेमके काय हवे, हे कोणी विचारले आहे का? आणि ओझी वाहणाऱ्यांना योग्य मजुरी, उबदार कपडे व विमा मिळतो का?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबूच्या हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळून सोळाजण मृत्युमुखी पडले. ते सर्व मोहिमांसाठी काम करणारे नेपाळी होते. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल २०१५ रोजी झालेल्या भूकंपाने खुंबूतील घरे आणि शाळा यांची मोठी हानी केली. हिमालयन ट्रस्टने वर्ग पुन्हा बांधण्याच्या कामात भाग घेतला. दुसऱ्याच्या जिवावर उभारलेले पुण्य हे पुण्य नव्हे. म्हणून सत्कार्यासाठी शिखर चढणाऱ्याने आपल्या सोबत्याच्या पाठीवरचे ओझे आधी पाहिले पाहिजे.

हिलरी १९८५ ते १९८९ या काळात न्यूझीलंडचे भारतातील उच्चायुक्त होते. २००३ मध्ये नेपाळने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. ११ जानेवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. तोपर्यंत ट्रस्टच्या साहाय्याने पंचवीसहून अधिक शाळा, दोन रुग्णालये आणि अनेक आरोग्यकेंद्रे उभी राहिली होती. एव्हरेस्टच्या माथ्यावर ते जेमतेम पंधरा मिनिटे थांबले. त्याच्या पायथ्याच्या शाळांसाठी त्यांनी जवळजवळ पाच दशके दिली.

पाठगत प्रश्न ९.२

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) शेर्पांनी ............ करून लुक्लाच्या धावपट्टीची माती घट्ट केली.
(आ) सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाची स्थापना ............ साली झाली.
२. चूक की बरोबर ते लिहा.
(अ) कुंदे येथील रुग्णालय १९६६ मध्ये सुरू झाले.
(आ) १९६३ च्या मोहिमेने तावेचे शिखराचा माथा गाठला.

९.४ शब्दार्थ

निर्विवाद – ज्याबद्दल वाद नाही असे. भारवाहक – ओझे वाहणारा. गलगंड – गळ्यावर गाठ येण्याचा विकार. रदबदली – एखाद्याच्या वतीने केलेली विनवणी, मध्यस्थी. तजवीज – व्यवस्था. पथ्य – पाळायचा नियम. निर्वाळा – खात्रीचा अभिप्राय. हिमप्रपात – उतारावर तुटत जाणारी हिमनदी.

९.५ आकलन

या पाठाची मांडणी नीट पाहा. आरंभी शिखरविजयाची घटना येते. पण लेखाचा रोख लगेच शिखराकडून पायथ्याकडे वळतो. हिलरींच्या कार्याचे वर्णन करताना केवळ गुणगान केलेले नाही. परवानगीविना झालेली चढाई, तुटलेली झाडे, शेर्पांनी सोसलेला धोका याही गोष्टी सांगितल्या आहेत. त्यामुळे वाचकाला कार्याचे मोल अधिक नेमकेपणाने कळते. मोठ्या माणसाबद्दल लिहिताना सत्य आणि आदर दोन्ही सांभाळता येतात, हे लक्षात ठेवा.

'मदत' या शब्दाचा अर्थही पाठात क्रमाक्रमाने वाढत जातो. आधी मदत म्हणजे विचारणे, मग उभारणे, मग दुःखातही काम न सोडणे, मग आपल्याच कामाचे दुष्परिणाम सावरणे आणि शेवटी जबाबदारी स्थानिकांच्या हाती देणे. या पाच पायऱ्या पाठातून शोधून त्यांची उदाहरणे तुमच्या वहीत लिहा.

९.६ भाषाभ्यास

(अ) स्वरसंधी : पुढील शब्द पाहा.
हिम + आलय = हिमालय
विद्या + आलय = विद्यालय
रुग्ण + आलय = रुग्णालय
'आलय' म्हणजे घर. पहिल्या शब्दातील 'अ' किंवा 'आ' आणि पुढील 'आ' मिळून दीर्घ 'आ' झाला आहे. म्हणून हा दीर्घत्वसंधी होय. या पाठाची कथा या तीन शब्दांतच सामावलेली आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेल.
आता 'गिर्यारोहण' हा शब्द पाहा : गिरि + आरोहण = गिर्यारोहण. येथे 'इ' पुढे विजातीय स्वर आल्यामुळे 'इ' च्या जागी 'य्' आला आहे.

(आ) वाक्प्रचार : अर्थ समजून घेऊन वाक्यांत उपयोग करा.
सांगड घालणे – दोन गोष्टी एकत्र जोडणे
पाठ फिरवणे – दुर्लक्ष करणे, सोडून जाणे
पदरमोड करणे – स्वतःचे पैसे खर्च करणे
सूत्रे हाती घेणे – कारभार स्वीकारणे

९.७ तुम्ही काय शिकलात?

• कीर्ती हे साधन मानले, तर तिचा उपयोग लोककार्यासाठी करता येतो.
• मदत करण्यापूर्वी गरज असलेल्या लोकांना विचारणे आवश्यक असते.
• स्थानिकांचा सहभाग असला, की काम टिकते.
• निधी देणाऱ्याने हिशेब विचारावा आणि घेणाऱ्याने तो द्यावा.

९.८ पाठान्त प्रश्न

१. खुमजुंगच्या शाळेच्या उभारणीत कोणाकोणाचा वाटा होता, ते सविस्तर लिहा.
२. 'लुक्लाच्या धावपट्टीने खुंबूला दिलेही आणि खुंबूकडून घेतलेही', हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. १९७५ च्या दुर्घटनेनंतर हिलरी यांनी दाखवलेल्या धैर्याविषयी तुमचे मत आठ ते दहा वाक्यांत मांडा.
४. 'दुरून डोंगर साजरे' या म्हणीचा पाठातील आशयाशी असलेला संबंध सांगा.
५. उपक्रम : तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एक गरज निवडा. ती ज्यांची आहे, त्यांच्यापैकी तीनजणांशी बोला. जवळच्या टेकडीवर सामूहिक चढाई करून त्यासाठी निधी जमवायचा आहे, असे समजून एक आवाहनपत्र लिहा. अपेक्षित रक्कम, खर्चाची विगत आणि हिशेब कोठे पाहायला मिळेल, यांचा त्यात उल्लेख करा.

९.९ उत्तरसूची

९.१ : १. (अ) १९६१ (आ) नांगपा. २. (अ) उर्कियनने मुलांसाठी शाळेची मागणी केली. (आ) ती कातडी सेरो या डोंगरी प्राण्याची होती.
९.२ : १. (अ) नृत्य (आ) १९७६. २. (अ) बरोबर (आ) चूक.